फत्तेपुलाचा बांधणार सापडला त्याची हकीकत

श्री. ज्याने माणसास वाचा दिली आणि वरती कानही दिले, त्या धन्यास प्रथम नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु हकीकत हसण्याची, ती स्वस्थचित्ते ऐकावी.

एके राज्यी राणूबाई अखबारनवीस म्हणोन वार्ताहर होती. बाई धीराची, परंतु ते दिवशी तिचा जीव टांगणीस लागला. कारण की नदीवर नवा फत्तेपूल जाहला होता, त्याचे मधल्या कमानीस हात शिरेल ऐसी भेग पडली, ती बाईने नावेतून डोळां पाहिली. आणि दसऱ्याची स्वारी उदयीक त्याच पुलावरून जाणार, पुढे निशाणाचा हत्ती, आणि हत्तीवर निशाण धरून बाईचा धाकटा भाऊ तुळाजी. मग बाई कोतवालाकडे धावली. कोतवाल बोलिले की, राज्याचा शिरस्ता ऐसा, बांधणाराचे तोंडचा जबाब आल्यावाचून पूल बंद होत नाही. आता बांधणार कोण म्हणावे, तर भेग पडल्यापासून कोणीच नाही, पूल जणू आपोआप उगवला! ज्यास पुसावे त्याने कानांवर हात ठेवावे. आणि तुळाजी तो घरी निशाणास इस्त्री करीत बसला होता, तो म्हणाला की अक्का, तू उगाच काळजी करतेस. तेव्हा बाईस रडू कोसळावयाचेच काय ते राहिले.

मग बाईस स्मरले की, इंटरनेटावर 'बोलती चावडी' नामे संकेतस्थळ आहे. तेथे वार्ताहरांनी सवाल टाकावा की अमुक गोष्टीचा माहीतगार पाहिजे, आणि माहीतगारांनी जबाब पाठवावा, ऐसी तजवीज. परंतु थोरामोठ्यांनी तेथे प्रसिद्धीकारकून बसविले होते, आणि त्या मंडळींची चाल ऐसी की, सवालाची पहिली ओळ दिसली न दिसली तोच आपल्या धन्याचे नाव पुढे करावे. कारण जो आधी पोचला त्याची छबी छापून येते. खालच्या ओळी वाचणे म्हणजे त्यांचे मते निव्वळ रिकामटेकडेपणा. बाईने सवाल टाकिला की, फत्तेपूल बांधणाराची मुलाखत पाहिजे. आणि खाली स्वच्छ लिहिले की, कमानीस भेग पडली आहे, त्याविषयी पुसावयाचे आहे. लपवाछपवी काडीमात्र केली नाही.

बाईचा चहा निवला नाही तो जबाब आला. सर्जेराव दिघावकर कंत्राटदार, त्यांचे पदरी नारोपंत प्रसिद्धीकारकून, त्यांनी मोठ्या थाटाने लिहिले: "फत्तेपूल आमचे धन्यांचाच. पायापासून कठड्यापर्यंत दुसऱ्याचे बोट लागले नाही." आणि सोबत फेटा बांधलेली छबी! मग बाईने कोतवालास शेजारी बसविले आणि रावांस फोन लाविला, आणि कोतवालसाहेबही ऐकत आहेत हे आधीच सांगितले. भेगेची ओळ नारोपंताने वाचिलीच नव्हती, तेव्हा राव ते ऐकोन अधिकच फुलले, आणि वाळू आम्हीच निवडली, कमान आम्हीच बसविली, ऐसे बहुत बोलिले. बाईने सर्व ऐकिले आणि मग हळूच म्हणाली, "राव, मधल्या कमानीस भेग आहे. उद्या माझा भाऊ हत्तीवरून तिथूनच जाणार. जाऊ देऊ का?"

तेव्हा राव अगदी बारीक आवाजे बोलिले, "नका जाऊ देऊ, बाई."

कोतवालांनी तत्काळ पुलावर पहारा बसविला. दुसरे दिवशी स्वारी नावांतून उतरली, आणि हत्ती पोहत गेला, आणि इस्त्रीचे निशाण चिंब भिजले, म्हणोन तुळाजी काठावर येताच अक्कावर जे तोंड सोडता जाहला ते पुसू नये. इतक्यात पैलतीरी ढोलताशे वाजू लागले, आणि मधली कमान धाडदिशी नदीत बसली. खाली मासळीवाचून कोणी नव्हते. तुळाजी बोलता बोलता थांबला, आणि त्याने ओल्या निशाणासकट अक्कास मिठी मारली, आणि बाई भिजली आणि भर काठावर हसत हसत रडली.

एणेप्रमाणे स्वारी सुखरूप पोचली. दिघावकरांस पूल पदरमोड करून फिरोन बांधणे आले. नारोपंताची चाकरी गेली. पुढे बाईने चावडीवर सवाल टाकिला की, आपलेच लेखणीने चाकरी घालविलेला असामी मुलाखतीस पाहिजे. पहिला जबाब नारोपंताचाच आला: "सवाल शेवटपर्यंत वाचिला. तो असामी मीच." बाईने छबीसहित छापिले. लिहिणारास विसावा, वाचणारास आयुष्य.