आतून रंगवलेल्या गाड्या

सदाभाऊ दिघे गाडी आतून रंगवतात. बाहेरून रंगाचा एक ठिपकाही लावत नाहीत. ते वलवणला आमच्या शेजारी राहायला आले, त्याच आठवड्यात 'दिघ्यांशी वासाबद्दल बोलणे' हे कामाच्या यादीत टाकून मी त्यांच्याकडे गेले. पाहते तो काय! सत्तरीतला माणूस तोंडाला फडकं बांधून अंगणात बसलाय, हातात गाडीच्या आकाराचं पारदर्शक प्लास्टिकचं टरफल, आणि त्याच्या पोटात रंगाचा फवारा मारतोय.

ती रिमोटवर पळणाऱ्या गाडीची बॉडी होती. आतून रंगवली की बाहेर कितीही खरचटलं तरी रंग जात नाही. पण मग सगळा क्रमच उलटा होतो. जे वर दिसायचं ते आधी: आधी पट्टे, मग मुख्य रंग, त्यामागे पांढरं अस्तर म्हणजे रंग उजळतो, आणि शेवटी काळं, म्हणजे आरपार उजेड येत नाही.

"ताई, रंग कुणीही देईल," ते म्हणाले. "अस्तर बघायचं."

वासाचं बोलायचं राहूनच गेलं.

हे अस्तर त्यांच्या डोक्यातून कधी जात नसे. माझे नवे पडदे उलटे करून त्यांनी अस्तर तपासलं. माझ्या मुलीला बघायला सोमाटण्याची मंडळी आली, तेव्हाही हे न बोलावता आत आले, मुलाला निरखलं आणि म्हणाले, "वरचा रंग झकास. अस्तराचं काय?" मुलाच्या वडिलांचा चहा बशीत सांडला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. लग्न जमलं ते केवळ मुलगा हसला म्हणून.

या गाड्या त्यांनी कधी शर्यतीत उतरवल्या नाहीत. त्या पळायच्या आमच्या गल्लीत, त्यांच्या बायकोसाठी, कुसुमवहिनींसाठी. वहिनींची नजर हळूहळू अंधारत चालली होती. त्या वर गॅलरीत बसत, भाऊ खाली गाडी फिरवत आणि ओरडून विचारत, "दिसला का गं?" आधी मरून रंग दिसेनासा झाला, मग हिरवा. तेव्हा भाऊंनी भडक, चमकणारे रंग आणायला सुरुवात केली. वहिनींनी सांगितलं, "दिसला, पण मागे जरा फिका वाटतोय हो." की भाऊ नवं टरफल घेऊन बसलेच.

मागच्या महिन्यात ते दोघं पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. मी विचारपूस करायला गेले, तर भाऊ अंगणात रंग मारत बसलेले.

"आता औषध नाही म्हणाले. नारिंगी काढलाय, तिलाही सांगितलंय. याच्यापेक्षा भडक रंग बाजारात नाही."

रंग वाळल्यावर त्यांनी, उडालेला रंग लागू नये म्हणून बाहेरून असलेली पातळ फिल्म सोलली, आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. गाडी काळी कुळकुळीत! भाऊंनी शेवटचा काळा हात सगळ्यात आधी मारला होता. नारिंगी त्याच्यामागे कायमचा गाडला गेला. हा माणूस, आणि ही चूक?

वरून वहिनींची हाक आली, "अहो, झाली का? फिरवा ना."

"फिरवतो," भाऊ मला हळूच म्हणाले. "माझी चूक पकडायला मिळाली की खूश होते ती. तेवढंच हसेल."

काळी गाडी गल्लीतून निघाली.

"दिसला का गं?"

"दिसला," वहिनी म्हणाल्या. "काय नारिंगी आहे हो! डोळ्यांत भरतोय अगदी."

मी तोंड उघडणार तोच भाऊंनी हाताने थांबवलं. गाडी भिंतीला जाऊन धडकली.

"मागच्या निळ्यापेक्षा बरा?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच.

"कितीतरी."

"आणि त्याआधीचा पिवळा?"

"तोही छानच होता की."

भाऊंनी गाडी उचलली, सदऱ्याने पुसली आणि जिना चढून वर गेले. थोड्या वेळाने मी गल्लीतून वर पाहिलं. गाडी वहिनींच्या मांडीवर होती. भाऊ त्यांचं बोट धरून बोनेटवरून फिरवत होते आणि नारिंगीवर कुठे कुठे ऊन पडलंय ते सांगत होते.