सूर्याला जबाबदार धरण्याबाबत

जगात काहीही बिघडलं की त्याला कारण लागतंच, आणि ते कारण शक्यतो बैठकीला हजर नसावं. हे शहाणपण नरहरपंत धामणकर एका सरकारी खात्यात चौतीस वर्षं घासून शिकले होते. (खात्याचं नाव सांगत नाही, पंतांची पेन्शन चालू आहे.) यंत्र बंद पडलं की कारणाच्या रकान्यात उंदीर, धुकं, वीज, काहीही चालायचं. रकाना कोरा राहिला तर मात्र तिथे आपलं नाव यायचं.

निवृत्तीनंतर पंत बनारसला दूधविनायकातल्या मराठी मंडळाचे चिटणीस झाले. मंडळाची संपत्ती म्हणजे एक फळा, अठरा खुर्च्या (पैकी बसण्याजोग्या अकरा) आणि एका ट्रस्टने वापरायला दिलेली खोली. त्या खोलीत गीताताई आठल्ये दर रविवारी गल्लीतल्या नऊ पोरांना मराठी लिहा-वाचायला शिकवत. घरी मराठी बोलणारी ही पोरं 'ळ' दिसला की थबकत आणि भांडण रंगलं की थेट हिंदीत उतरत. खोलीसाठी दर पाच वर्षांनी मुदतवाढीचा अर्ज द्यावा लागे. या खेपेची शेवटची तारीख होती दहा मे २०२४, सायंकाळी पाच.

नेमकी त्याच दिवशी अक्षय्यतृतीया, आणि रत्नागिरीहून हापूसची पेटी आलेली. पंतांनी सकाळी अहिल्याबाई घाटावर स्नान केलं, सूर्याला अर्घ्य दिलं, दुपारी आमरसाच्या पाच वाट्या रिचवल्या आणि आडवे झाले ते दिवेलागणीलाच उठले. अर्ज तीन प्रतींत, सहीशिक्क्यासह, उशाशी होता.

ट्रस्टवाले मात्र भले निघाले. त्यांनी कळवलं, '“चूक आमची झाली” एवढी एक ओळ चिटणिसांनी लिहून द्यावी, खोली ठेवावी.' या असल्या अटी भले लोकच घालू शकतात.

पंतांनी तातडीची सभा बोलावली आणि वर्तमानपत्राचं कात्रण वाचून दाखवलं. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्रात वाढतात, कमी होतात. सध्या ते ऐन भरात आहेत. दहा मेलाच वीस वर्षांतलं सर्वांत मोठं सौरवादळ पृथ्वीवर आदळलं, पार लडाखचं आभाळ लाल झालं. "जिथे आभाळ लाल होतं, तिथे माझ्यासारख्याला डोळा लागला तर नवल काय?" पंत म्हणाले. सभेने माना डोलावल्या.

"अहो पंत, ते वादळ पोचलं रात्री साडेदहाला," गीताताई म्हणाल्या. "अर्ज पाचला द्यायचा होता!"

"ताई, सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात की नाही?"

सभेने बोटांवर हिशेब केला. साडेदहातून बारा तास वजा जाता वेध सकाळी साडेदहाला लागले. ट्रस्टची कचेरी उघडते अकराला, म्हणजे अख्खी कचेरीच वेधात सापडली. (वेधात जेवत नसतात, असं पंतांच्या पत्नी वीणाकाकू हळूच म्हणाल्या. मुद्दा कौटुंबिक असल्याने इतिवृत्तात घेतला नाही.)

मग काय, सभासदांना कंठ फुटला. जागच्या जागी सात सौरबाधा नोंदल्या गेल्या. दुखरे गुडघे दोन, नासलेलं दूध एक, परीक्षेत आपटलेला जावई एक, सासू-सुनेची भांडणं तीन. त्यातलं एक २०११ सालचं निघालं, ते मागच्या चक्रात धरलं.

गीताताईंनी हात जोडले. "पंत, एक ओळ हो! पोरांची खोली चालली आहे. लिहा की, चुकलो म्हणून!"

पंतांना भडभडून आलं. खरंच आलं. त्यांनी पेन उचललं, 'चूक' एवढं लिहिलंही. पण तेवढ्यात बँकेतून निवृत्त झालेले वासुदेवराव गरजले, "चिटणीस चुकले म्हटल्यावर आमच्या गुडघ्यांचं काय?" पंतांनी कागद चुरगाळला. ठराव अकरा विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला आणि सूर्याला जबाबदार धरणारं पत्र ट्रस्टला रवाना झालं.

ट्रस्टने ते दोनदा वाचलं आणि खोली साड्यांच्या गोदामाला दिली.

गीताताईंनी दोन रविवार अमृतराव घाटावर पोरं बसवली. पण जूनचं ऊन ते! सकाळी आठलाच पायऱ्या अशा तापल्या की पोरं उड्या मारू लागली. "टीचर, पैर जल रहा है," छोटी रुचा रडत म्हणाली, आणि त्या दिवशी वर्ग संपला तो संपलाच. पंतांनी इतिवृत्तात कारण लिहिलं: सूर्य. त्यांच्या कारकिर्दीतली ही एकमेव खरी नोंद.

तुम्हाला हसू आलं असेल तर छानच. आता हेच पान घरातल्या पोराच्या हाती द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. दुसऱ्या ओळीत अडखळलं, तरी स्वतःला बोल लावून घेऊ नका. सूर्य पुरता शांत व्हायला अजून चार-पाच वर्षं आहेत.