सुमन धोंडाबाई, हजर!

अनसूयाबाई आमच्या कॉलेजात मराठी शिकवायच्या आणि हजेरीला प्रत्येक मुलीला तिच्या आईच्या नावानं हाक मारायच्या. "विमल गिरजाबाई! सुमन धोंडाबाई!"

ही सुमन धोंडाबाई म्हणजे मी. जुन्या जालन्यातली सिनेमात शोभेल अशी एकमेव पोरगी, असं माझं मत. दुसऱ्या कुणाचं नव्हतं. 'धोंडाबाई' ऐकून पोरं खिदळायची, मी इतकं बारीक 'हजर' म्हणायची की गैरहजेरी लागायची.

"बाई, वडलांचं नाव लावा की!" मी एकदा म्हणाले.

"आधी बाप, मंग नवरा. माय काय भाड्यानं आल्ती? चूक का बराबर?"

'चूक का बराबर?' हे शेपूट त्यांच्या प्रत्येक वाक्याला असायचं. भाजीवालीलासुद्धा.

नवऱ्यानं टाकलेल्या बायकांच्या बैठका घ्यायला त्या रविवारी गावोगाव जायच्या. सतरंजी उचलायला मी. समाजसेवा कसली? स्टँडवर भजी मिळायची!

बैठक संपली की म्हाताऱ्यांना त्या स्वतःच्या आईचं नाव विचारायच्या. बाई रांगत होत्या तेव्हाच आई गेली. राजूरला सासरी सुनेला माहेरच्या गावानंच हाक मारायचे, म्हणून ती नुसती 'धावडेवाली'. वडीलही गेले. नाव कुणालाच ठाऊक नाही. आईच्या माहेरी, धावड्याला मात्र बाई जायचं टाळायच्या. तिथंही कळलं नाही तर?

शेवटी बैठकीच्या निमित्तानं गेलो. मामाचं घर कधीच उठून गेलं होतं. शेजारच्या म्हातारीनं बाईंना निरखलं.

"व्हती की! उंच. लई मोठ्यानं हसायची. राजूरला दिल्ती."

"आणि नाव?"

म्हातारीनं बराच वेळ डोळे मिटले. "न्हाई गं माय. आम्ही बारक्या व्हतो. ताईच म्हणायचो तिला."

त्या दिवशी सतरंजीची घडी बाईंनीच घातली.

एसटीत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. भजी तशीच गार झाली.

"आता कुणाला विचारायचं, सुमन?"

पुढं शेपूट नव्हतं. मी घाबरले आणि तोंडाला येईल ते बोलले, "बाई, माझ्या मायचं घ्या. वापरलेलं हाय, पन टिकाऊ."

बाई हसल्या. इतक्या मोठ्यानं की कंडक्टर वळून बघायला लागला. मला म्हातारीचं बोलणं आठवलं. त्यांनाही आठवलं असावं, कारण मधेच थांबून त्यांनी तोंडाला पदर लावला, तो जालना येईपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरीला त्या "सुमन" म्हणाल्या आणि पुढं त्यांना बोलवेना. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

मी ताडकन उभी राहिले आणि ओरडले, "धोंडाबाई! हजर!"