बर्कचा तिसरा खजूर

"बाबा, डॉक्टरीणबाईंनी बर्कला जंतांच्या दोनच गोळ्या सांगितल्यात," मब्रूका म्हणाली.

"ठाऊक आहे गं. पण खजूर कधी दोन देतात का? एक, नाहीतर तीन. पैगंबरांची रीत आहे."

"ती माणसांसाठी!"

"मग बर्क काय कुत्रा आहे?" बेल्कासिमने अशा काही थाटात विचारलं, की मब्रूकाने समोरचे चार पाय आणि शेपूट पुन्हा एकदा नीट बघून घेतलं.

त्या वाळवंटी गावात कुत्रे कुंपणाबाहेर झोपतात. पण बर्क पडला शिकारी स्लूगी, खानदानी जीव. त्याची जागा पाहुण्यांच्या गालिच्यावर. बिया काढलेल्या तिन्ही खजुरांत गोळ्या बसल्या. तिसरी राखणीच्या कुत्र्याच्या वाट्याची होती, पण खजूर रिकामा ठेवणं बेल्कासिमला बरं दिसेना.

दुपारी हाजी मिफ्ताह आले, मुलासाठी मब्रूकाला मागणी घालायला. बेल्कासिमचा जीव या सोयरिकीत अडकला होता. माणूस देवभोळा, गळा गोड, आणि मब्रूकाला मुलगा मनापासून आवडलेला. पण हाजी टापटिपीचे मोठे कडक. चहात माशी पडली म्हणून एका घरची सोयरीक मोडून उठले होते! काखेत भेटीचा विणलेला गालिचा होता.

"बघू तरी उलगडून," बेल्कासिम म्हणाला.

"छे छे! आधी शुभकार्य," म्हणत हाजींनी घडी घट्ट दाबली.

मागणीआधी पैगंबरांचं स्तुतिगीत झालंच पाहिजे. हाजी डोळे मिटून गाऊ लागले. ध्रुवपदाला बर्कचं पोट गडगडलं.

"वा! ठेका धरतोय की!"

"भक्तीत रंगलाय," बेल्कासिम घाम पुसत म्हणाला.

दुसऱ्या कडव्याला बर्कने लांब, आर्त सूर लावला. हाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या कडव्याला बर्क उठला आणि पुढून-मागून असा काही मोकळा झाला की विचारू नका. आधी पाहुण्यांचा गालिचा, मग भिंतीकडचा, मग गाद्या. बेल्कासिम मागे धावतोय, तो पुढे पळतोय! शेवटी तो भेटीच्या घडीवर ओकला आणि हलका होऊन अंगणात जाऊन पसरला.

"माफी, हाजी, माफी!" बेल्कासिमने घडी भराभर उलगडली. आत साबणाचा वास, ओलाचिंब मधला भाग, आणि त्यावर जुनाच पिवळा डाग.

"हे... आमच्या बर्कचं नाही," तो चाचरत म्हणाला.

हाजी भिंतीकडे बघू लागले. "आमच्या कुत्रीचं, गझालाचं आहे. सकाळचं. धुतलं होतं हो."

"तुमच्याकडेही आल्या होत्या डॉक्टरीणबाई? खजुरात दिलंत? किती?"

"पाच," हाजी पुटपुटले. "म्हटलं, तिनापेक्षा पाचात बरकत जास्त."

पडद्याआड मब्रूका खो खो हसत सुटली. चुलीपाशी तिची आई सालिमा कान टवकारूनच होती. पोरगी हसतेय म्हणजे ठरलं, असं समजून तिने लग्न ठरल्यावर बायका देतात तशी आनंदाची किलकारी दिली. शेजारणींनी ती उचलली आणि घटकेत अंगण माणसांनी भरलं. आता 'नाही' म्हणायला दोन्ही बापांना तोंड कुठे होतं? आणि हो म्हणावं तर बसायला घरात एक कोरडा गालिचा नव्हता.

मग फातिहा, म्हणजे सोयरीक पक्की करणारी प्रार्थना, अंगणातच झाली. सगळे अनवाणी, उघड्या वाळूवर उभे. पुढे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. "एवढी मोठी घरं, पण गालिचासुद्धा अंथरला नाही. याला म्हणतात नम्रता!"

तेव्हापासून त्या गावात साखरपुडा वाळूवरच होतो. कुणी चुकून गालिचा अंथरलाच, तर लोक नाक मुरडतात, "आला मोठा दिखाऊ!"