धाकट्या सर्व्हरांच्या नव्वद सेकंदांची हकीकत

कवळीच्या कारखान्यात सत्तापालटास विलंब का होत होता आणि तो कोणी कैसा मोडिला, हें साद्यंत लिहून दफ्तरी ठेवावें, ऐसा हुजूर मालकीणबाईंचा हुकूम जाहला. त्यास, पदरचें न घालिता, जैसें घडलें तैसें लिहिलें असे.

कारखान्यात आठ कारागीर संगणकावर दातांचे आराखडे काढीत, आणि ते सर्व आराखडे मागल्या खोलीतील दोन सर्व्हरांपाशी राहत. थोरले गादीवर, धाकटे शेजारी सज्ज. थोरले प्रकृतीने तापट, आठवड्यातून एकदा मूर्च्छित पडत. तेव्हां दोघांचा जो सामाईक पत्ता, तो धाकट्यांनी घ्यावा आणि दहा-बारा सेकंदांत कारभार पुढें चालवावा, ऐसा करार होता. परंतु धाकटे गादीवर बसत आणि मग पुरते नव्वद सेकंद मौन धरीत. तितका वेळ पडद्यांवर अर्धवट कवळ्या आ वासून राहत, आणि दात कोरणारें यंत्र, जें तीस सेकंदांपलीकडे कोणाची वाट पाहत नसे, तें हातचा दात टाकून देई.

ऐशात एका निवृत्त गायनशिक्षिकेची कवळी दोनदा जाया जाहली. शिष्यिणीची मैफल गुरुवारी, आणि बाई "सा" लावूं जात तों "था" निघे. मालकीणबाईंची इभ्रत पणास लागली. त्यांनी फर्माविलें कीं, तिसरी कवळी बुधवारी यंत्रावर चढेल, तीही फुकट गेली तर दोन्ही सर्व्हर परक्या कंपनीचे हवालीं होतील आणि त्यांची निगा राखणाऱ्या सर्व्हरबाई बाहेर फोनवर बसतील.

आधीं सर्व्हरबाईंनी तारांवर मोर्चा लाविला आणि सगळ्या तारा बदलिल्या, मग थोरल्यांस मुद्दाम पाडून पाहिलें, नव्वद सेकंद. मग त्या तारा जोडणारा डबा बदलिला, नव्वद सेकंद. कोणी मसलत दिली कीं धाकट्यांची ही नव्वद सेकंदांची मुदतच छाटावी, परंतु तैसें केल्यास जे संगणक धाकट्यांकडे सावकाश येतात त्यांच्या उघड्या आराखड्यांवरील हक्क बुडतील, सबब बाईंनी ती नाकारिली आणि बुधवारी सकाळी धाकट्यांचा रोजनामा काढून ओळ न ओळ वाचिली.

तेथें मर्म सांपडलें. धाकटे गादीवर आले कीं थोरल्यांच्या वहीतील प्रत्येक संगणकास पुकारीत, कीं या आणि आपला आराखडा मागून घ्या, आणि सर्व आल्याविना कोणास काम करूं देत नसत, फार तर नव्वद सेकंद थांबत. सात संगणक आठ सेकंदांत हजर होत. आठवा कधींच येत नसे. तो दाढमामांचा.

दाढमामा म्हणजे मालकीणबाईंचे सख्खे मामा, आयुष्यभर दाढांखेरीज दुसरा दात न केलेले. त्यांच्या संगणकांत सामाईक पत्ता नव्हताच. सहा वर्षांपूर्वी त्यांनी दस्तुरखुद्द थोरल्यांचा खासगी पत्ता घातला होता. सबब थोरले पडले कीं तो इमानी संगणक त्यांच्याच बंद दारीं उभा राही, धाकट्यांची हांक त्यास पोंचत नसे, आणि पडदा थिजला कीं थोरले पडले हें ताडून मामा चहास जात.

बाई मामांपुढें गेल्या. मामांनी किल्ल्याचे दरवाजे लाविले.

"हा माझा संगणक आहे. सहा वर्षं कुणी हात लावला नाही, म्हणून तर चालतोय."

"मी नाहीच लावत, मामा. तुम्हीच टाइप करा. मी फक्त आकडे सांगते."

हा तह मामांस मानवला. इतक्यात वर्तमान आलें कीं कवळी यंत्रावर चढली, शिक्षिका बाहेरील बाकावर येऊन बसल्या, आणि थोरल्यांचा ताप वाढतो आहे. मामांनी एका बोटाने सामाईक पत्ता लिहिण्याची मोहीम मांडिली. प्रत्येक टिंबापाशी मुक्काम करीत आणि पुसत, "हे टिंब नक्की?" बाईंनी पदराशी चाळा करीत सात वेळां "नक्की" म्हटलें, टिंबें तीनच होती. मग संगणक बंद करून चालू केला आणि मामांनी दाढेचा आराखडा उघडिला, तोंच मागल्या खोलीत थोरले धारातीर्थीं पडले.

पडदे थिजले. यंत्र थबकलें. बाई तोंडाने सेकंद मोजूं लागल्या. अकरावर यंत्राने पुन्हा दात धरिला आणि कोरूं लागलें.

मालकीणबाईंनी सर्व्हरबाईंस कारखान्यासमक्ष शाबासकी दिली. बाहेर शिक्षिकेने कवळी चढवून "सा" लाविला, तो "सा"च निघाला. दाढमामा तेवढे आपल्या चालत्या पडद्याकडे पाहत खिन्न बसले. बाईंनी काय जाहलें म्हणून पुसिलें.

"आता थोरले पडले तर मला कळणार कसं?"

बाईंनी मालकीणबाईंकडून दाखला करून आणिला, तो येणेंप्रमाणें:

बुधवार, दोन प्रहर. सत्तापालट अकरा सेकंदांत. पडले, थोरले सर्व्हर, तेही सायंकाळी सावध. दात जाया, एकही नाही. सर्व्हरबाईंची फत्ते जाहली. येथून पुढें थोरल्यांस मूर्च्छा येईल तेव्हां सर्व्हरबाईंनी जातीनें दाढमामांपाशी जाऊन, हलक्या आवाजांत, कळवीत जावें.