निवृत्त कप्तानाचा बंब

जगात खरे गुप्तहेर दोनच, असं भावोजी सांगत. दुसऱ्याचं नाव मात्र त्यांना कधी आठवत नसे. पोटापाण्यासाठी ते चष्मे विकत, पण दुकानावर त्यांनी स्वतःच्या हाताने ‘चष्मे, फ्रेम व रहस्यभेद’ असं रंगवलं होतं. त्यांचा मेहुणा एरवी काचा घासायचा आणि रहस्य आलं की त्यांचा कोट धरून उभा राहायचा.

त्या दिवशीचं रहस्य दातांच्या डॉक्टरांनी आणलं. खेळण्यांच्या दुकानात आगीच्या जुन्या बंबाची छोटी प्रतिकृती येणार होती. एकूण पन्नासच, आणि आगाऊ नोंदणी संध्याकाळी सहापर्यंत. डॉक्टरांच्या वडिलांनी तसाच बंब तीस वर्षं चालवला होता आणि पुढच्या महिन्यात त्यांना ऐंशी पूर्ण होणार होती. मागे एकदा डॉक्टर थांबले आणि छोटी बस हातची गेली. पुढच्या खेपेला घाईघाईने ट्राम नोंदवली, तर तसल्या ट्राम अजून दुकानात धूळ खात होत्या. आता नोंदवावं की थांबावं?

“पाटीवर ‘फक्त तीन शिल्लक’ लिहिलंय,” डॉक्टर म्हणाले. “खरं असेल का?”

पाटी वाचणाऱ्यासाठी लिहितात, म्हणजे ती खोटीच, असा निष्कर्ष काढून भावोजींनी त्यांना थांबायला सांगितलं. मेहुण्याला यात काहीतरी निसटल्यासारखं वाटलं, पण कोट फार जड होता.

भावोजी निवृत्त कप्तान बनून चौकशी करून आले. पाटीवर दोन राहिले. मग माळी बनून गेले, एक राहिला. शेवटी मिशी लावून बाहुल्या दुरुस्त करणारे झाले, आणि पाटीवर ‘संपले’ आलं. आधी त्यांनी दुकानदारावर संशय घेतला, मग एका टोळीवर. टोळी आपल्यावर पाळत ठेवून आहे हे तर उघडच होतं. ते दुकानात गेले रे गेले की एक बंब नाहीसा व्हायचा.

डॉक्टर डोळे तपासायच्या खुर्चीत मटकन बसले. “बाबांना सांगून बसलोय हो मी.” मेहुण्याला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात ताई, म्हणजे भावोजींची बायको, कोट धुवायला न्यायला आली. सगळं ऐकून घेऊन ती खेळण्यांच्या दुकानात गेली आणि दहा मिनिटांत परतली.

“तुम्ही तिथल्या वहीत नाव लिहिलंत का?”

“तिन्ही वेळा. नसतं लिहिलं तर संशय आला असता.”

“ती नोंदणीची वही आहे.”

ताईने तिथेच माळी आणि बाहुलीवाला खोडून, कप्तानाचा बंब डॉक्टरांकडे पाठवायला सांगितलं होतं. बंबासोबत मिळणारं मालकीचं प्रमाणपत्र मात्र आधीच लिहून झालं होतं. भावोजींना ऐनवेळी नाव न सुचल्याने त्यांनी वहीत नुसता हुद्दा लिहिला होता.

वाढदिवसाला म्हाताऱ्यांनी बंबाची शिडी वर-खाली करून पाहिली, चाकं फिरवली आणि प्रमाणपत्र लांब धरून वाचलं: ‘मालक: निवृत्त कप्तान’. त्यांचे डोळे भरून आले.

“तीस वर्षं मला सगळे ड्रायव्हरच म्हणायचे,” ते म्हणाले.

भावोजी खुलासा करायला उठले. ताईने त्यांच्या हातात कोट दिला.