आपापला मासा काढा

"बाई, शिक्षक दिनाला पहिलीचा वर्ग एक दिवस मला द्याल का?"

प्रश्न विचारून झाला आणि हेमांगीच्या लक्षात आलं, की आपण तो खरोखरच विचारलाय! मुख्याध्यापिकांच्या खोलीत, बाईंच्या टेबलासमोर उभं राहून! दाराबाहेर तिची मैत्रीण चांदणी आणि दहावी 'ब'च्या पाच मुली एकमेकींच्या खांद्यावरून आत डोकावत होत्या. "हिंमत असेल तर विचार," असं मधल्या सुट्टीत चांदणीच म्हणाली होती. आणि हिंमत तर हेमांगीकडे अलीकडे ओसंडून वाहत होती.

गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी हजेरीला "हजर" म्हणतानाही लाजायची. म्हणून तर गॅदरिंगमध्ये तिला झाडाचं काम दिलं होतं. झाडाला वाक्य नव्हतं. पण ऐन नाटकात पडदा अडकला, राजा घाबरून विंगेत पळाला, आणि झाड दोन पावलं पुढे येऊन म्हणालं, "घाबरू नका मंडळी, पुढची गोष्ट मी सांगते!" टाळ्याच टाळ्या! त्या दिवसापासून झाड जे बोलायला लागलंय, ते अजून थांबलेलं नाही.

सुचेताबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ती प्रथा बंद केलीय आपण. का, आठवतंय ना?"

कसं विसरणार! तीन वर्षांपूर्वी दहावीतल्या एका हौशी, एक दिवसाच्या गुरुजींनी तिसरीला निसर्ग दाखवायला म्हणून बाहेर नेलं होतं आणि अख्खी तिसरी भेळवाल्याच्या गाडीभोवती सापडली होती.

"बाई, मी वर्गाबाहेर पाऊलही टाकू देणार नाही."

"हं." बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्या दिवशी चार वाजता पुंडलिकआप्पा येणारेत. त्यांनी जमीन दिली म्हणून ही शाळा उभी आहे, आणि त्यांच्या आईचं नाव शाळेला आहे. ते पहिलीचा वर्ग बघणार. मुलं जागेवर हवीत, वर्ग जागेवर हवा. नीट पार पडलं तर प्रथा पुन्हा सुरू. बिघडलं तर कायमची बंद! आणि हे दहावीला तू स्वतः सांगायचंस."

दाराबाहेर सहा जणींनी एकदम श्वास घेतला. तो आतपर्यंत ऐकू आला. सगळ्या दहावीला एकदा तरी त्या खुर्चीत बसायचं होतं. हेमांगीने घोळ घातला असता, तर मुलींनी तिला डब्यातल्या लोणच्याबरोबर खाल्लं असतं.

आणि खुद्द हेमांगीच्या मनात आणखी एक गोष्ट होती, जी तिने चांदणीलाही सांगितली नव्हती. ती म्हणजे... पण ते शेवटी.

हेमांगी कामाला लागली ती अशी, की घरात लग्न असावं! शिक्षकांसाठीचे अकरा व्हिडिओ तिने पाहिले. त्यातलं एक वाक्य तिला देववाणीसारखं वाटलं : 'वर्गातली सजावट मोठ्यांच्या नव्हे, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर हवी!' व्वा! वर्गाचा विषय ठरला समुद्र. निळ्या क्रेप कागदाच्या लाटा, बेचाळीस मुलांसाठी कार्डशीटचे बेचाळीस मासे, प्रत्येकाच्या पोटावर एकेका मुलाचं नाव. भिंतीचा रंग निघता कामा नये अशी बाईंची ताकीद होती, म्हणून सगळं डबल टेपने हलकंच चिकटवायचं.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर शिपाई काशीनाथमामा मदतीला आले. मामा तारोडीच्या कोळीवाड्यातले. भिंतीवर लावायला घरून एक जुनं जाळं घेऊन आले होते. त्यांनी भिंतीवरच्या माशांची पाहणी केली आणि एकापुढे थांबले.

"ह्यो कंचा मासा?"

"बोंबील, मामा."

"बोंबील कदी असा ताठ ऱ्हाते का? ह्यो त फूटपट्टी हाय!"

"मामा, तो शाळेतला बोंबील आहे. शिस्तीत उभा आहे."

फळ्याच्या वर थर्माकोलच्या अक्षरांत शाळेचं नाव होतं : रखमाबाई विद्यामंदिर. ते हेमांगीने उतरवून फळ्याच्या बाजूला, मुलांच्या उंचीवर आणलं. उतरवताना 'दि'ची वेलांटी मोडली.

"वेलांटी तुटली गो," मामा म्हणाले.

"लावते मी टेपने. कुणाच्या लक्षात येणार आहे?"

रखमाबाईंचा फोटो तेवढा वरच राहिला. हार घातलेला, करारी नजरेचा. त्या नजरेला सगळं लक्षात येत असावं.

पाच सप्टेंबर. दुपारी साडेबारा. हेमांगी आईची मोरपिशी साडी नेसून वर्गात शिरली. साडीला सतरा पिना होत्या. खाली वाकलं तर एक टोचायची आणि सरळ उभं राहिलं तर दुसरी, त्यामुळे चालीत आपोआप मुख्याध्यापिकेचा रुबाब आला होता!

पहिले तास तर असे गेले, की पाहत राहावं. दोरीला चुंबक बांधलेला गळ, परातीत क्लिपा लावलेले छोटे अक्षरमासे. ज्याने जे अक्षर पकडलं, त्याने त्या अक्षराचा शब्द सांगायचा. गुजराती घरातली हेतल, पुढचे दोन दात पडलेली, मासा शेपटीला धरून हात लांब करून उभी राहिली. तिच्या घरी मासा फक्त पुस्तकात यायचा.

"ह!" ती ओरडली. "ह... हेतल!"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. हेमांगी मनातल्या मनात थेट शिक्षणमंत्री झाली.

मधली सुट्टी संपली. सव्वातीन. आप्पांना दाखवायला मुलांनी काढलेली चित्रं हवीत, असं हेमांगीच्या मनात आलं. तिने बेचाळीस कोरे कागद वाटले आणि भिंतीकडे बोट केलं.

"इकडे बघा! भिंतीवर प्रत्येकाच्या नावाचा मासा आहे ना?"

"होऽऽऽ!"

"आता प्रत्येकाने आपापला मासा काढायचा! ज्याचा मासा त्यानेच काढायचा, दुसऱ्याचा नाही!"

वर्ग गोंधळून एकमेकांकडे बघू लागला. हेतलने हात वर केला. "दीदी, माछली काढवानी? साची?"

आता, फरसाणवाल्याकडे दर रविवारी बोलून हेमांगीचं गुजराती झालं होतं फर्स्ट क्लास! निदान तिला तसं वाटत होतं. "हा बेन, साची! काढवानी!" ती ऐटीत म्हणाली. "एकदम पटापट काढवानी! मी रंगाच्या पेट्या घेऊन आले."

गुजरातीत चित्र 'दोरतात', आणि 'काढतात' ते फक्त बाहेर, हे फरसाणवाल्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. शेव-गाठ्यांच्या दुकानात तशी वेळच कशी येणार!

रंगाच्या पेट्या घेऊन परतताना व्हरांड्यात चांदणी भेटली.

"काय गं, कसा चाललाय वर्ग?"

"ऐक!" हेमांगीने कान टवकारले. "काही ऐकू येतंय?"

"नाही."

"पहिलीचा वर्ग आहे तो! बेचाळीस मुलं! आणि टाचणी पडली तर ऐकू येईल. ह्याला म्हणतात पकड!"

खरंच आवाज नव्हता. कारण मुलं जीव लावून काम करत होती.

हेमांगीने दार उघडलं. भिंत कोरी होती! बेचाळीस मुलं, बेचाळीस हातांत बेचाळीस मासे! एका मुलाच्या डोक्यावर लाट होती. जाळंही काढून बाकाखाली ठेवलेलं होतं, नीट घडी घालून.

"दीदी, बधी काढी नाखी!" हेतलने बोळक्या तोंडाने जाहीर केलं. "सगळी! लाट पण!"

पेट्या हातातून पडल्या. त्या उचलायला वाकली, तर सातवी पिन टोचली.

मासे परत लावून पाहिले. टेपवर बेचाळीस मुलांच्या बोटांची धूळ बसली होती. मासे भिंतीला टेकायचे, विचार करायचे आणि खाली यायचे. पावणेचार झाले. रडावंसं वाटत होतं, पण झाडाने हार मानायची नसते, हे ती गॅदरिंगला शिकली होती.

"ठीक आहे! भिंतीवरचा समुद्र रद्द. आपण जिवंत समुद्र करू! सगळ्यांनी मासे हातात धरा आणि हलत राहा!"

तेवढ्यात काशीनाथमामा टेपचं नवं बंडल घेऊन आत आले. "आप्पा फाटकाशी आले गो. मी काय करू?"

"मामा, आप्पा आत आले ना, की लगेच फोटो काढायचा! एक क्षण घालवू नका!"

मामांनी कोऱ्या भिंतीकडे पाहिलं. मुलांच्या हातातल्या माशांकडे पाहिलं. "त्यो पन काढाचा?"

"तोच तर काढायचाय! आठवण राहील आप्पांना!"

मामांचा मोबाईल बटणांचा होता. त्याला कॅमेरा नव्हता. म्हणजे मामांपुढे फोटो काढायचा एकच मार्ग उरत होता.

पुंडलिकआप्पा आत आले. पांढरा सदरा, पांढऱ्या मिशा, मिठागरात जन्म घालवलेली रापलेली कातडी. मागे सुचेताबाई. मुलांनी "नमस्तेऽऽऽ" म्हणत मासे हलवले. आप्पा खूश झाले! आणि त्याच क्षणी मामा स्टुलावर चढले, रखमाबाईंना हारासकट भिंतीवरून उतरवलं आणि आप्पांच्या हातात दिलं.

आप्पा आईकडे बघत होते. आई आप्पांकडे बघत होती. सुचेताबाई हेमांगीकडे बघत होत्या, आणि ते तर बघवत नव्हतं.

आप्पा जुने, समजूतदार. त्यांनी घसा खाकरून वेळ सावरली. "पोरांनो, चांगला समुद्र केलाव. आता खूप शिका, मोठी व्हा, न् आपले शालेचा नाव काढा!"

बेचाळीस डोकी एकदम थर्माकोलच्या अक्षरांकडे वळली.

"नाही!" हेमांगीच्या तोंडून हे निघेपर्यंत हेतलने 'र' काढला होता. आज वर्गात काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं! मग 'ख'. 'मा'. मधून कुणीतरी 'वि' आणि 'द्या' पळवले. शेवटचा 'र' गेला. मोडकी वेलांटी तर आपण होऊन पडली.

"थांबाऽऽऽ!" हेमांगी ओरडली.

मुलं लगेच थांबली. शिस्त होतीच वर्गात. भिंतीवर एवढंच उरलं होतं :

बाई मंद

कोणत्या बाई, ते लिहिलेलं नव्हतं. पण वर्गात साडी नेसलेल्या दोघीच होत्या.

काशीनाथमामांनी तोंडावर टॉवेल धरला. सुचेताबाईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. दाराशी चांदणी येऊन उभी होती; तिच्या चेहऱ्यावर दहावी 'ब'चं सगळं भविष्य काळवंडलं होतं.

हेमांगीने श्वास घेतला. पिना टोचल्या तर टोचल्या! ती दोन पावलं पुढे आली.

"आप्पा, खेळ अर्धाच झालाय. पहिला भाग होता काढणे. दुसरा भाग, लावणे! ज्याच्याकडे अक्षर आहे त्याने पुढे या. पण असंच नाही लावायचं. आधी मोठ्याने वाचायचं!" आणि मामांकडून तिने नव्या टेपचं बंडल अक्षरशः हिसकावून घेतलं.

हेतल पुढे आली. "र!" टेप. तिच्यामागे दुसरी. "ख!" टेप. "मा!" 'वि' घेऊन पळालेला मुलगा 'बा'च्या आधी घुसू पाहत होता, त्याला सगळ्या वर्गाने ओरडून मागे ओढलं. 'वि' कुठे येतो हे बेचाळीसच्या बेचाळीस जणांना ठाऊक होतं! शेवटी मोडकी वेलांटीही लागली, आणि हेतलने पहिल्या अक्षरापासून बोट फिरवत नेलं आणि दात नसलेल्या फटीतून शीळ घालत सबंध वाचलं, "रखमाबाई विद्यामंदिर!"

आप्पांनी हातातला फोटो वळवून भिंतीकडे धरला, जणू आईला दाखवत होते. "आये, बघ गो," ते हळूच म्हणाले. मग बाईंकडे वळले. "तिला सोताचा नाव वाचता येत न्हवता. अंगठा लावाची. न् ही दात पडलेली पोर एका दमात वाचते. ह्या मास्तरणीला परत वर्ग द्याचा हां बाई!"

आप्पा गेल्यावर सुचेताबाई म्हणाल्या, "हेमांगी, मी सांगितलं होतं, वर्ग जागेवर हवा."

"बाई, वर्ग जागेवरच होता. भिंत तेवढी हलली."

बाईंचे ओठ हलले, पण त्यांनी ते आवरले. "प्रथा सुरू. पण 'काढणे' या क्रियापदाचे पन्नास वेगवेगळे उपयोग वाक्यांत लिहून उद्या माझ्या टेबलावर हवेत."

संध्याकाळी हेमांगी साडीतच जेवणाच्या टेबलाशी बसली होती. रांगोळी काढणे. रजा काढणे. दात काढणे (चांदणीने आज काढले). खोड काढणे. झोप काढणे. एकोणपन्नास झाले आणि गाडी अडली. समोर बाबांनी जेसल पार्कच्या क्लासचं माहितीपत्रक पसरलं होतं : अकरावी सायन्स, इंजिनिअरिंगची तयारी आत्तापासून. आई भाजी निवडत होती.

शेवटी सांगते म्हटलं होतं ना, ते हेच. हेमांगीने पेन खाली ठेवलं.

"आई, बाबा, मी ठरवलंय. मी इंजिनिअर होणार नाही. बारावी झाली की डी.एड. करणार आणि पहिलीची बाई होणार."

आईच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. बाबांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग तिच्या केसांत अडकलेल्या निळ्या क्रेप कागदाकडे, मग आईकडे.

"अगं ए, गेल्या वर्षी बेल वाजली तर दार उघडायला घाबरायची ही! आणि आता बेचाळीस पोरं सांभाळणार म्हणे! ही पोरगी आपल्याला वेड्यात काढतेय!"

हेमांगीने झडप घालून वही ओढली. "वेड्यात काढणे! पन्नासावा! थँक यू बाबा!"

तिने वाक्य पूर्ण लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि सतरा पिनांसकट ताठ उभी राहिली.

"आणि मी मस्करी करत नाहीये. पहिलीचीच बाई. ठरलं म्हणजे ठरलं! आता कुणीतरी मला ह्या साडीतून बाहेर काढा."